करून पाहिल्याशिवाय छापायचं नाही

चोवीस जून. परवा शाळा उघडतात आणि आज सकाळपासून वीज नाही. दुमडणीचं मशीन गप्प उभं आहे, म्हणून मी आणि कामावरच्या दोघी बायका शेडच्या दारात सतरंजी टाकून हातानंच फर्मे दुमडतो आहोत. फर्मा म्हणजे छापलेला मोठा कागद. तो नीट दुमडला की त्याची सोळा पानं होतात, आणि घडी चुकली की पाचव्या पानानंतर थेट बारावं येतं. पुस्तक जुनंच आहे, मुलांसाठीचं 'आपली तब्येत'. याच्या किती आवृत्त्या झाल्या ते मोजणं मी केव्हाच सोडलं. चित्रं बदलली, मुखपृष्ठावरचा चड्डीतला मुलगा जाऊन जीन्समधली मुलगी आली, खोकल्याचं प्रकरण वाढलं. एक वाक्य मात्र पहिल्या आवृत्तीपासून जसंच्या तसं आहे. ते आत्ता माझ्या बोटांखालून शंभरदा गेलं असेल. हात कामात असले की डोकं मोकळं राहतं, तेव्हा त्या वाक्याचं काय झालं होतं ते जेवणाच्या सुट्टीत लिहून टाकते.

आमचं घर गावात आणि छापखाना गावाबाहेर, लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत. तेव्हाही इथंच होता, याच पत्र्याखाली. आमच्या घराण्यात सगळे कचेरीत. आजोबा कचेरीत, दोन्ही काका कचेरीत, लग्न होऊन आलेले जावईसुद्धा कचेरीत. बाबांनी छापखाना काढला तेव्हा मुलगा तमाशाच्या फडात गेल्यासारखी तोंडं झाली होती म्हणतात. पण काही वर्षं बरी गेली. लग्नपत्रिका, जिनिंगच्या पावत्या, बी-बियाण्यांच्या दुकानांची हँडबिलं, यांवर आमचं घर चालायचं. मग ती वर्षं आली. कापसाला भाव नव्हता, आणि आमच्या जिल्ह्यात कापसाला भाव नसला की लग्नपत्रिकेलाही नसतो. सोनेरी गणपती आधी लाल झाला, मग काळा झाला, मग पत्रिका पोस्टकार्डाएवढी झाली, आणि शेवटी लोक तोंडीच आवतण द्यायला लागले. बाहेरगावचे पत्रकार जीपमधून यायचे, स्टँडवर तर्रीपोहे खाऊन खेड्यांकडे जायचे आणि आमच्याबद्दल लिहायचे. बाबा ते सगळं वाचायचे. एक दिवस पेपर घडी करून ठेवत म्हणाले, "सारे आपल्या जिल्ह्यावर लिहून राह्यले. आपल्या पोट्ट्यायसाठी कोणी लिहून राह्यलं काय?" आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "तुमचं मशीन रिकामंच हाये. तुम्हीच लिहा." तिला वाटलं, आपण टोमणा मारला. बाबांना वाटलं, परवानगी मिळाली.

अशी आमची मुलांची पुस्तकं सुरू झाली. विज्ञान, इतिहास, आरोग्य; प्रत्येक पुस्तक पातळ, पिना मारलेलं, शाळेच्या दप्तरात वळकटी करून जाईल असं. बाबा जुनी पुस्तकं, मासिकं आणि ओळखीच्या शिक्षकांची डोकी यांतून मजकूर जमवत आणि रोज संध्याकाळी जेवणाआधी घरी मोठ्यानं वाचून दाखवत. ऐकायला मी, आई, आत्या, आणि बहुतेक वेळा शाहीन. शाहीन म्हणजे आमचे बाइंडर सलीमचाचा यांची मुलगी, माझ्याच वर्गातली. आत्या बाबांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, शाळेत शिकवून एकटी राहिली, निवृत्त झाल्यावर आमच्याकडे आली ती आपली पितळी पानदानी आणि आपलं तोंड दोन्ही घेऊन. घराचा नियम तिनंच केला. पहिल्याच पुस्तकात बाबांनी लिहिलं होतं की उकडलेलं अंडं सोलून बाटलीच्या तोंडावर ठेवलं आणि आत जळता कागद टाकला तर अंडं आपोआप आत जातं. आत्यानं विचारलं, "तू करून पाह्यलं?" बाबा म्हणाले, पुस्तकात दिलं आहे. "त्यानं करून पाह्यलं काय? का त्यानंही दुसऱ्याच्या पुस्तकातून घेतलं? सुधाकर, उद्या एखाद्या पोट्ट्यानं मायले अंडं मागितलं, मायनं कसंबसं देल्लं, अन् ते आत गेलंच नाई, त मार कोण खाईन?" त्या दिवसापासून ठरलं, करून पाहिल्याशिवाय छापायचं नाही.

अंडं आमच्या स्वयंपाकघरात येणं शक्य नव्हतं, म्हणून तो प्रयोग शाहीनच्या अंगणात झाला. पहिल्या बाटलीचं तोंड लहान निघालं, दुसऱ्या वेळी कागद विझला, तिसऱ्या वेळी अंडं डुबुक करून आत गेलं आणि चाचीनं, म्हणजे शाहीनच्या आईनं, कमरेवर हात ठेवून विचारलं, "अब निकालेगा कौन?" तो प्रश्नही आम्ही पुस्तकात घातला. सोड्याच्या ज्वालामुखीनं आमची गोळ्यांची कढी बुडवली. गोळे तेवढे वाचले, ते आम्ही धुऊन खाल्ले. इतिहासाच्या पुस्तकात आमच्या छोट्या रेल्वेबद्दल एक वाक्य होतं: ही गाडी इतकी हळू चाले की माणूस खाली उतरून पाणी पिऊन पुन्हा चढू शके. आत्यानं नुसतं बाबांकडे पाहिलं. पुढच्या रविवारी आम्ही सगळे गाडीत बसलो, एका ठिकाणी बाबा चालत्या गाडीतून उतरले, एका हापशीवर पाणी प्यायले, आणि मग आम्ही खिडकीतून त्यांना एक चप्पल हातात धरून रुळाकडेनं पळताना बराच वेळ पाहत राहिलो. ते संध्याकाळी दुसऱ्या कोणाच्या तरी मोटरसायकलवर घरी आले. छापताना त्या वाक्याच्या शेवटी 'असे म्हणतात' हे दोन शब्द पडले. आता लोक मला विचारतात की तुमची पुस्तकं मुलांना पटतात कशी. मी सांगते, आमच्या लेखकाला गाडी सोडून गेली होती.

'आपली तब्येत' हे तिसरं पुस्तक. पहिली दोन मुलांना आवडली होती, पण शाळांनी हात आखडता घेतला होता, आणि गोदामातल्या कागदाचा ढीग आईच्या डोळ्यात खुपायला लागला होता. काकांनी पांढरकवड्याला एका कचेरीत बाबांसाठी कारकुनाची जागा पाहून ठेवली होती. हे पुस्तक शाळांनी घेतलं तर ठीक, नाही तर मशीन विकायचं, शेड सोडायची आणि जुलैत पांढरकवड्याला बिऱ्हाड न्यायचं, असं बाबांनी काकांना कळवून टाकलं होतं. ही गोष्ट घरात कोणी मुद्दाम बोलत नसे. फक्त आई नवीन काही फळीवर ठेवताना म्हणायची, "राहू द्या, खाली उतरवाचंच हाये मंग."

तरी त्या पुस्तकाइतकं आम्ही कुठल्याच पुस्तकाला हसलो नाही. जुलाब झाल्यावर मीठ-साखरेचं पाणी द्यावं, ते डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा जास्त खारट नसावं, असं त्यात होतं. आता डोळ्यांतलं पाणी किती खारट हे कळल्याशिवाय छापणार कसं? आत्यानं परातीत कांदे चिरले, आम्ही सगळे परातीभोवती वाकून उभे राहिलो आणि गालावरचे थेंब जिभेनं चाटत पेल्यातल्या पाण्याशी चव ताडून पाहिली. शाहीनला कांदा लागलाच नाही, ती मनात आणलं की रडू शकत असे. सलीमचाचा कामाचं विचारायला आले, दारात थांबले, आम्हा सगळ्यांना रडताना पाहून हळूच म्हणाले, "कोण गेलं, भाऊ?" हात धुण्याच्या प्रकरणात बाबाच नापास झाले. शाईनं काळी झालेली त्यांची नखं साबण, राख, लिंबू, कशालाच दाद देईनात, तेव्हा 'नखे पांढरी होईपर्यंत' हे शब्द काढून 'नखांखालची घाण जाईपर्यंत' असे घातले.

मग मुलींचं पान आलं. ते बाबांनी लिहिलं नव्हतं, गावातल्या एका डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं होतं. त्या संध्याकाळी बाबांनी कागद आत्याच्या हातात दिला आणि आपण चष्मा पुसत बसले. आत्यानं शाळेतल्या आवाजात वाचलं. पाळी म्हणजे काय, किती दिवस, स्वच्छता कशी, काय खावं. सगळं सरळ होतं. शेवटचं वाक्य असं होतं: 'मनात काही शंका आल्यास मुलींनी आपल्या आईला मोकळेपणाने विचारावे.' आत्या थांबली. पान न उलटता तिनं विचारलं, "हे कोणी करून पाह्यलं?"

बाबा पंख्याकडे पाहत होते. पंखा बंद होता.

आत्या म्हणाली, "घरात माय हाये, पोरगी हाये. सामान तयार हाये." आई उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिनं डब्यांची झाकणं उघडली-लावली.

मला पाळी सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. त्या दिवशी आईनं मला एक धुतलेलं जुनं सुती लुगडं फाडून दिलं होतं आणि तीन गोष्टी सांगितल्या होत्या: लोणच्याला हात लावायचा नाही, तुळशीला पाणी घालायचं नाही, आणि कोणाला सांगायचं नाही. आमचं बोलणं तिथं संपलं होतं. आई कडक नव्हती, लाजाळूही नव्हती. भाजीवाल्याशी, गॅसवाल्याशी, काकांशी ती काय वाटेल ते बोलायची. पण या विषयावर तिच्यापाशी शब्दच नव्हते, कारण तिला कोणी दिलेच नव्हते. माझ्यापाशी मात्र प्रश्नांची रांग लागली होती, आणि आता ते विचारणं हे माझं काम होतं. मी कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी ती चुलीपाशी असताना मी समोर उभी राहून विचारलं, "आई, पाळीत पोट काहून दुखते?"

"आधी तूर निवड."

मी तूर निवडायला ताट घेतलं. "काहून दुखते?"

"मोठी झाली की कयते."

"झालीच ना मोठी."

"मंग कयलं असंन," आई म्हणाली आणि वरणाला फोडणी दिली. तिच्या आवाजात कणभरही राग नव्हता. प्रश्न सुटला असंच तिला वाटत होतं.

शाहीननं तिच्या घरी तोच प्रयोग केला. आमच्यात एक नियम होताच, इतिहासाच्या पुस्तकापासूनचा, की एका घरात ऐकलेलं दुसऱ्या घरात पडताळायचं. चाचीनं तिला आधी कणीक भिजवायला लावली, मग पोळ्या लाटायला लावल्या, आणि शेवटी म्हणाली, "ये सब रंजू की किताब में है ना? तो किताब में देख ले." रंजू म्हणजे मी. शाहीननं सांगितलं की किताबमध्ये लिहिलं आहे, अम्मीला विचारा. चाचीनं विचार करून उत्तर दिलं, "तो दूसरी किताब देख."

मग आत्यानं मामला हातात घेतला. एका दुपारी ती बाबांना बळंच बाजारात घेऊन गेली, जाताना दारात म्हणाली, "आता दोघी बसा अन् बोला." बाहेरच्या खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर मांडून ठेवल्या होत्या. मी एका खुर्चीवर, आई दुसऱ्या. मुलगी पाहायला आल्यासारखं झालं. आई पदराचं टोक नीट करत होती, मी तिच्या गुडघ्यांकडे पाहत होते. रस्त्यावरून कुल्फीवाला घंटी वाजवत गेला. बऱ्याच वेळानं आई म्हणाली, "अभ्यास कसा चालू हाये?" मी म्हटलं, सुट्टी आहे. ती म्हणाली, "हो, सुट्टी हाये." आणि चहा ठेवायला उठली. आत्या परत आली तेव्हा आम्ही दोघी चहा पीत होतो, तोंडं दोन दिशांना.

इकडे दिवस चालले होते. एका शिक्षणसंस्थेच्या मुख्याध्यापिका बाबांशी बोलल्या होत्या. संस्थेच्या सगळ्या शाळांसाठी त्या पुस्तक घेणार होत्या, पण एका अटीवर. मी बाबांबरोबर होते. त्या म्हणाल्या, "बाकीचं पाठ्यपुस्तकात असतंच. मला मुलींचं पान हवं. ते शिकवायची वेळ आली की माझ्या शिक्षिका दार लावून घेतात आणि आत इतिहास शिकवतात." बाबांनी डॉक्टरीणबाईंना विचारून पाहिलं की शेवटचं वाक्य काढलं तर चालेल का. त्या म्हणाल्या, "चार ओळींच्या पानात मी किती सांगणार? पोरीला घरात कोणीतरी बोलायला पाहिजे. ते वाक्य काढता तर माझं पान परत द्या." म्हणजे वाक्याशिवाय पान नाही, पानाशिवाय मागणी नाही, मागणीशिवाय लोहारा नाही. आणि वाक्य तर खोटं ठरलेलं, एकदा नव्हे, दोन घरांत.

"छापून टाका ना," आई म्हणाली. "कोण तपासाले येते?"

"आपण," बाबा म्हणाले. ते रागावून बोलले असते तर भांडण झालं असतं. ते भाकरी मोडता मोडता सहज बोलले. आत्यानं त्यांच्या ताटात आणखी ठेचा वाढला. तिच्याकडून ती शाबासकी होती.

त्या पानाचा फर्मा सोडून बाकीचं पुस्तक छापून होत आलं होतं. शाळा उघडायला थोडेच दिवस होते, म्हणून दुमडायला सगळेच शेडमध्ये यायला लागलो. आई, आत्या, मी, शाहीन आणि चाची सतरंजीवर गोल करून बसायचो. प्रत्येकीच्या हातात बांबूची गुळगुळीत पट्टी. कागद मांडायचा, टोकाला टोक जुळवायचं, पट्टी फिरवायची, कागद फिरवायचा, पुन्हा पट्टी. डोळे कागदावरून हलवले की घडी तिरकी जाते, त्यामुळे कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहत नाही. एक दिवस दुपारी वीज गेली. मशीन थांबलं, पंखा थांबला, बाबा आणि सलीमचाचा बाहेर कडुलिंबाखाली जाऊन बसले. आत फक्त पट्ट्यांचा आवाज, सूंऽ सूंऽ असा, आणि नव्या शाईचा वास, आणि आईच्या हातांना येणारा मोहरी-मेथीचा वास, कारण त्याच आठवड्यात तिनं वर्षाचं लोणचं घातलं होतं.

माझ्या हातातल्या फर्म्यावर रक्ताभिसरणाचं चित्र होतं. मी काही ठरवून बोलले नाही. कागदाची टोकं जुळवत म्हटलं, "आई, तुले पह्यल्यांदा कुठी आली होती?"

सूंऽ, सूंऽ. मला वाटलं तिनं ऐकलं नाही.

"उमरखेडले," आई म्हणाली. "मामाच्या लग्नात."

तिची पट्टी थांबली नाही. "मले वाटलं, बैलगाडीतून उडी मारली त कुठीतरी लागलं. सांगाव कोणाले? सारं घर पाहुण्यायनं भरलं. मंग मी कापसाच्या खोलीत गेली. मामानं भाव येईन म्हणून कापूस भरून ठेवला होता, छतालोक. त्यात घुसून बसली. इकडे साऱ्या वऱ्हाडात मले शोधून राह्यले, अन् मी कापसात."

"मंग?" चाचीनं विचारलं. तीही खालीच पाहत होती.

"मंग मायनं शोधलं. तिनं पाह्यलं, बोलली काहीच नाई. तिथलाच कापूस उचलला, माह्या हातात देल्ला. म्हणे, घरचा हाये, वापर."

चाचीनं पट्टी एकदा फिरवली. मग शांतपणे विचारलं, "सरकीसकट?"

"सरकीसकट," आई म्हणाली.

कोण आधी हसलं ते सांगता येणार नाही. आत्या पालथ्या हातानं डोळे पुसत होती, शाहीन फर्म्यांच्या गठ्ठ्यावर आडवी झाली होती, आणि आई, जी कधी दात दिसू देत नसे, ती खांद्यांसकट हलत होती. "चार दिवस," ती मध्येच म्हणाली, "लग्नात चार दिवस मी अशी चालली. लोक म्हणे पोरीले नवी चप्पल लागून राह्यली." सरकी म्हणजे काय हे न कळणाऱ्यांसाठी सांगते: कपाशीचं बी, हरभऱ्याएवढं, टणक. आज माझी मुलगी दुकानातून पाकीट आणते आणि त्यावरच्या फुलांच्या चित्राला नाक मुरडते. तिला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ती आधी हसली आणि मग पाकिटाबद्दल काही बोलली नाही.

त्यानंतर आमची दुपार धरणाचं दार उघडल्यासारखी वाहिली. चाचीनं तिची गोष्ट सांगितली, ती छापण्यासारखी नाही. पोट का दुखतं ते आईला माहीत नव्हतंच. पण तिनं तसं सांगितलं, "मले नाई माहीत, डॉक्टरीणबाईले विचारू," आणि आपलंही दुखायचं, गरम विटेनं शेकलं की बरं वाटतं, हेही सांगितलं. शाहीननं विचारलं, मी विचारलं, मग आईनंच चाचीला दोन गोष्टी विचारल्या, ज्या तिनं आजवर कोणालाच विचारल्या नसाव्यात. शेवटी मी लोणच्याचं विचारलं. हात लावला तर खरंच नासतं का?

आईनं पहिल्यांदा मान वर केली आणि आत्याकडे पाहिलं. "ताई, तुम्ही सांगा. मले मायनं सांगितलं, म्या हिले सांगितलं."

"मले काय विचारता," आत्या घडीवर पट्टी दाबत म्हणाली. "मी एकटी राह्यली. लोणचं काढून द्याले मले कोण होतं? माह्या हातानंच काढत होती, महिन्याचे सारे दिवस."

"मंग? नासलं?" आईनं विचारलं.

"तू खाल्लं ना दर दिवाळीले. बोटं चाटून खाल्लं."

आईनं एक फर्मा दुमडला, दुसरा घेतला. मग म्हणाली, "म्हंजे हे बी करून पाह्यलेलंच हाये."

याच सुमाराला डोक्यावरचा पंखा फिरायला लागला. वीज आली होती, कधी आली कोणाला कळलं नव्हतं. दाराबाहेर सलीमचाचा उठल्याचा आवाज आला. "भाऊ, मशीन चालू करू?"

बाबांचा आवाज खालचा होता, पण पत्र्याच्या भिंतीतून सगळं ऐकू येतं. "थांब जरासा. करून पाहून राह्यले."

मशीन त्या दिवशी चालूच झालं नाही. संध्याकाळी जेवणाआधी बाबांनी पान काढलं आणि पेन्सिल माझ्याकडे दिली. डॉक्टरीणबाईंचं वाक्य खोटं नव्हतं, अर्धं होतं. मी ते वाढवून नव्यानं लिहिलं, एकाची चार वाक्यं झाली, आत्यानं व्याकरण पाहिलं, आईनं एक शब्द बदलला. आज माझ्या बोटांखालून जातं आहे ते हेच: 'मनात शंका आल्यास आईला विचारावे. समोर बसून विचारू नये. तिच्या हातातले काम आपणही करू लागावे आणि मग विचारावे. पहिल्या दिवशी तिने टाळले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे.' 'रागावली' हा शब्द खोडून आईनं 'टाळले' केलं होतं. ती म्हणाली, "राग नसते आलेला."

मुख्याध्यापिकांनी ते उभ्या उभ्या वाचलं आणि विचारलं, घरी करून पाहिलंत? बाबांनी सांगितलं, दोन घरी. त्यांनी संस्थेच्या सगळ्या शाळांसाठी पुस्तक घेतलं. पांढरकवड्याची जागा काकांच्या मेहुण्याला मिळाली आणि तो तिथं सुखात आहे. आम्ही कुठं गेलो नाही. पण हे सगळं नंतरचं झालं. त्या संध्याकाळी नुसतं वाक्य झालं होतं, आणि लोणच्याबद्दल पुस्तकात एक ओळ घालायची की नाही, यावर आत्या आणि बाबांचं एकमत होत नव्हतं. बाबा म्हणत होते, आत्याची साक्ष पुरेशी आहे. आत्या म्हणत होती, "दोन घरी लागते. नियम नियम हाये."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला पाळी आली होती. मी अंघोळ केली, स्टूल लावून फळीवरची नवी बरणी खाली काढली, तिच्या तोंडाला बांधलेलं दादऱ्याचं फडकं सोडलं आणि माझ्या हातानं सगळ्यांच्या ताटात एकेक फोड वाढली. आईच्या ताटापाशी आले तेव्हा तिनं ताट मागं घेतलं नाही. फोडीकडे पाहून म्हणाली, "खार बी वाढ थोडा." मी खार वाढला, बरणीला फडकं बांधलं, ती परत फळीवर ठेवली आणि सायकल काढून लोहाऱ्याला गेले. शेवटचा फर्मा मशीनवर चढायचा होता, आणि लोणचं नासतं की नाही हे पाहायला पुढे सगळा पावसाळा पडला होता.